चाकापासून वर: जुन्या फियाटचे ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

"इंजिन तर सुरू झाले. आता गाडी बाहेर काढायला हरकत काय?"

जुनी गाडी वारशात मिळालेले किंवा हौसेने विकत घेतलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. नवी बॅटरी घातली, टाकीतले कुजके पेट्रोल काढले, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले आणि वर्षानुवर्षे मुकी असलेली गाडी बोलू लागली, की मालकाला धीर धरवत नाही. फाटकाबाहेर एक चक्कर मारून येण्याचा मोह होतो.

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. इंजिन बिघडले तर गाडी जागची हलत नाही. मालकाचा हिरमोड होतो, त्यापलीकडे काही नाही. ब्रेक, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंग बिघडलेले असेल तर गाडी छान हलते, आणि पंचाईत तिथून पुढे सुरू होते. म्हणून जुन्या गाडीचे काम चाकापासून सुरू करून वर न्यावे. रंग, क्रोम आणि सीटची कापडे यांचा नंबर शेवटचा. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो, कारण रंग दिसतो आणि व्हील सिलिंडर दिसत नाही.

१. उदाहरणाला एक गाडी

सगळ्या जुन्या गाड्यांबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच समोर ठेवू: फियाट ११००, आपल्याकडची 'डिलाइट'. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईला ती जितकी ठाऊक आहे तितकी दुसरी कुठलीच गाडी नाही. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

ही गाडी निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिची रचना शिकायला सोपी आहे. १०८९ सीसीचे इंजिन, रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

२. गाडी रस्त्याला किती टेकते?

माणसे बसलेली गाडी १,००० किलोची धरू. वजन चार चाकांवर सारखे पडते असे मानले तर एका टायरवर २५० किलो येतात. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १.७ किलो असेल, तर २५० ला १.७ ने भागून येतात सुमारे १४७ चौरस सेंटीमीटर. म्हणजे जेमतेम बारा सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. थांबणे, वळणे आणि खड्डा पचवणे ही तिन्ही कामे अशा चार तुकड्यांवर चालतात.

या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग अशी तीन खाती आपण पुस्तकात करतो. गाडीत ती एकाच चाकाच्या हबपाशी येऊन मिळतात. त्यामुळे एकाचा बिघाड दुसऱ्याच्या नावावर खपतो. गाडी डावीकडे ओढते ही तक्रार घ्या. ती फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर संशय ब्रेकवर. सरळ चालतानाही सतत ओढत असेल तर डाव्या टायरमध्ये हवा कमी असेल, डावा ब्रेक सुटत नसेल किंवा चाकांचे कोन बिघडले असतील. फक्त खड्ड्यातून जाताना झटका देत असेल तर आर्मचे बुश गेलेले असतात. जाणवते मात्र सगळे हातातल्या स्टिअरिंगलाच. मग मालक स्टिअरिंग बॉक्स आवळून घेतो. रोग हल्याला आणि औषध पखालीला!

३. खोलण्याआधी

या भागात सांगण्यासारखे थोडेच, पण ते टाळू नये. गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. डाव्या-उजव्या बाजूंत बोटभर फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे, हे पाना हातात घेण्याआधीच कळते. एका वेळी एकाच बाजूचे ड्रम उघडावे; शूंच्या स्प्रिंगा कशा अडकवल्या होत्या हे विसरले तर दुसरी बाजू पाहायला शाबूत असते. आणि जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीखाली जायचे तर लोखंडी स्टँड लावूनच. विटांचा थर लावून खाली शिरणारे महाभाग अजून आहेत. वीट फुटायच्या आधी पूर्वसूचना देत नाही.

४. ब्रेक: पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो?

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. १,००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात सुमारे १,३९,००० जूल ऊर्जा असते. गाडी थांबवताना ही सगळी ऊर्जा ड्रम आणि लायनर यांच्या घर्षणात उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी ३३ अंशांनी तापते. वेग निम्मा, म्हणजे ३० केला, तर ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते. जुन्या गाडीची पहिली चाचणी हळू वेगात घ्यायची, त्यामागचे गणित हे.

आता पायाचा जोर. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल घेतो. पेडलवर पाय ३० किलो जोर लावतो. पेडल ही तरफ आहे. ती जोर पाचपट करते, म्हणून मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो येतात. या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर असेल तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ५० किलो दाब तयार होतो. बंद नळीतला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत झालेला असतोच. चाकाजवळच्या सिलिंडरचा दट्ट्या ५ चौरस सेंटीमीटरचा असेल तर तो शूला २५० किलोंनी ढकलतो. तीस किलोंचे अडीचशे झाले, तेही आठ ठिकाणी, कारण प्रत्येक चाकात दोन दट्टे असतात.

फुकट मात्र काही मिळत नाही. जोर वाढला की अंतर घटते, आणि जुन्या गाडीची 'ब्रेक खाली जातो' ही तक्रार याच हिशेबातून सुटते. शू आणि ड्रम यांच्यात १ मिलिमीटर फट आहे असे धरा. ती भरून काढायला प्रत्येक दट्ट्यामागे अर्धा घन सेंटीमीटर तेल लागेल, आठ दट्ट्यांना मिळून ४ घन सेंटीमीटर. तेवढे तेल ढकलायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १.३ सेंटीमीटर सरकला पाहिजे, आणि पेडल त्याच्या पाचपट, म्हणजे साडेसहा सेंटीमीटरहून जास्त. ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच पेडल फळीजवळ गेले! हीच फट ०.३ मिलिमीटर केली तर पेडल दोनच सेंटीमीटर खाली जाते. ॲडजस्टर फिरवून फट कमी करण्याचे काम पाच मिनिटांचे आहे आणि बिनपैशाचे आहे. ते न करता लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

उभ्या गाडीत बिघडते काय? सर्वांत आधी तेल. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ जातीचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरलेली चालते, असे खुद्द मानकच सांगते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी जवळपास ५०० मीटर खाली येते. हजार किलोच्या गाडीसाठी या उतारात सुटणारी ऊर्जा ताशी ६० वरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी असते. त्यातली काही हवा खाते, काही इंजिन रोखते. पण न्यूट्रलमध्ये गाडी सोडून फक्त ब्रेकवर उतरणाऱ्याचे ड्रम उरलेली सगळी गिळतात. तेलातले पाणी उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडते, कारण तेल दबत नाही आणि वाफ दबते.

हेच पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवते. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण मागे सरकवले की खाली ओल दिसते, किंवा दट्ट्या जागच्या जागी चिकटलेला असतो. आतला पृष्ठभाग बोटाने चाचपून पाहावा. नखाला खड्डा लागला तर नवे रबर किट घालून उपयोग नाही. ते रबर त्याच खड्ड्यावर घासून महिन्याभरात फाटते. सिलिंडर बदलावा, किंवा चांगल्या टर्नरकडून त्यात स्टेनलेस स्टीलची बुश बसवून घ्यावी. आणि हे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने कधीही धुवू नयेत. खनिज तेलाचा थेंब लागला तरी ब्रेकची रबरे फुगतात. धुवायला स्पिरिट किंवा कोरे ब्रेक ऑइलच वापरावे.

ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करण्याची पद्धत आपल्या गॅरेजांत सर्रास दिसते. ती बंद झाली पाहिजे. भुकटी ओली करून पुसून काढावी.

ड्रमला चरे पडले असतील तर लेथवर तो तासून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. ड्रम पातळ झाला की लवकर तापतो आणि तापल्यावर फाकतो. एकच ड्रम तासला तर दोन्ही बाजूंचा व्यास वेगळा होतो आणि गाडी एकीकडे ओढते. म्हणून एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारखे तासावे. ड्रम मोठा झाल्यावर नव्या लायनरची गोलाई त्याला जुळवून घ्यावी लागते, एरवी लायनर मधल्याच पट्ट्यात टेकतो. लायनर सगळीकडून टेकतो का हे पाहायला त्यावर खडू फासून शू ड्रममध्ये फिरवावा. खडू जिथे पुसला जातो तिथे टेकतो.

आता एक निदान, जे मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. ब्रेक सोडल्यावरही एक चाक अडकून राहते. दोष कुठे? त्या चाकाचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढण्याचा स्क्रू, अर्धा फेरा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता. झाले नाही तर दोष यांत्रिक आहे: दट्ट्या गंजला किंवा शूची स्प्रिंग मेली. दाब कोंडला असेल तर पुढच्या वेळी निपल बंद ठेवून मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल करा. तिथे दाब सुटून चाक फिरू लागले तर दोष मास्टर सिलिंडरचा, किंवा पेडलच्या दांड्याला मोकळी जागाच ठेवलेली नाही म्हणून तेल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकले गेले आहे. तरीही चाक अडलेलेच राहिले तर वाटेतला रबरी होज आतून फुगून बंद झाला आहे. असा होज बाहेरून नवाकोरा दिसू शकतो. पायाच्या जोराने तेल आत जाते, शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. एका पान्यात तीन संशयितांतला चोर सापडतो.

साठच्या दशकातल्या या गाडीत चारही चाकांसाठी तेलाचा एकच मार्ग आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. उरतो तो तेलावर न चालणारा हँडब्रेक. म्हणून गंजलेल्या लोखंडी नळ्या घासूनपुसून परत बसवण्याची काटकसर करू नये. नळ्या, होज आणि रबरे सगळी नवी घालावी. शेवटी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढत जवळ यावे आणि बाटलीतल्या नळीत बुडबुडे थांबेपर्यंत थांबू नये.

ड्रम काढून डिस्क बसवावे का? इटलीत फियाटने १९६६ च्या ११०० आर मॉडेलला पुढे डिस्क दिल्या. आपल्या डिलाइटला ड्रमच राहिले. माझे मत विरोधात आहे. नीट जुळवलेले ड्रम या गाडीच्या वेगाला पुरतात, आणि डिस्कच्या मोहात पडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपले ड्रम नीट जुळवून कधी पाहिलेलेच नसतात. शिवाय केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पुढच्या भागात कापाकाप आणि वेल्डिंग करून ती संधी कशाला घालवायची?

५. सस्पेन्शन: वजन कोण पेलते, उसळी कोण मारते?

इथला सर्वांत मोठा गैरसमज शॉकॲब्सॉर्बरचा. 'गाडी बसली, शॉकॲब्सॉर्बर बदला' असे सर्रास म्हणतात. गाडीचे वजन शॉकॲब्सॉर्बर पेलतच नाही. ते काम स्प्रिंगचे. स्प्रिंग म्हणजे झोपाळा: एकदा झोका मिळाला की तो आपला हलतच राहतो. झोपाळ्यावर बसलेला माणूस पाय जमिनीला घासून झोका थांबवतो, ते काम शॉकॲब्सॉर्बरचे. त्याच्या आत दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांवाटे सरकतो आणि हालचालीची ऊर्जा तिथेही उष्णताच होते. गाडी एका बाजूला कलली असेल तर स्प्रिंग पाहा. खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत असेल तर शॉकॲब्सॉर्बर पाहा. मडगार्डवर जोर देऊन सोडावे: गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक.

मागचे पाटे हा भाग आपल्या कारागिरांच्या हातचा आहे. ट्रक आणि टेम्पोमुळे पाट्यांचे काम करणारे लोक महामार्गावरच्या प्रत्येक मोठ्या गावात भेटतात. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेही उसळी थोडी मरते. पण मध्ये गंज भरला की सगळे पाटे मिळून एकच जाड पट्टी होते आणि गाडी दगडासारखी आपटू लागते. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात घट्ट धरावे, नाहीतर ते उघडताना उसळतात. सुटे करून घासून, ग्राफाइटचे ग्रीस लावून परत बांधले की निम्म्या गाड्यांची तक्रार मिटते. पाटा बसलेला असेल तर वाक परत देता येतो. नुसत्या घणाने दिलेला वाक मात्र फार दिवस टिकत नाही. तापवून, पाणी देऊन केलेले काम टिकते. तुटलेला पाटा वेल्डिंगने कधीही जोडू नये. तो जोड जिथे दिला तिथूनच पुन्हा तुटतो, आणि बहुधा वळणावर.

पुढची कॉइल स्प्रिंग काढणे हे या प्रकरणातले सर्वांत धोक्याचे काम. ती दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते. खालचा आर्म सोडला की तोफेच्या गोळ्यासारखी सुटू शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून आणि आर्मखाली जॅक ठेवून हळूहळू सैल करावी. हत्यार नसेल तर हे काम घरी करू नये, गॅरेजकडे द्यावे. यात कमीपणा नाही.

आर्मचे रबरी बुश बदलताना एक बारकावा असा आहे की तो कळलेला मेकॅनिक लगेच ओळखू येतो. बुशमधले रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेले असते. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळले जाते. गाडी स्टँडवर असताना, चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची 'सरळ' अवस्था लोंबत्या चाकाची ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षाच्या आत फाटते. म्हणून बोल्ट हाताने बसवावे, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच पूर्ण आवळावे. मागच्या पाट्यांच्या शॅकलला हाच नियम.

६. किंग पिन: जिथे दोन खाती एक होतात

पुढचे चाक डावीकडे-उजवीकडे वळते ते एका जवळजवळ उभ्या पोलादी पिनेभोवती, ती किंग पिन. तिच्या वर-खाली पितळी जातीच्या बुश असतात आणि ग्रीस हेच त्यांचे अन्न. ग्रीसगन वर्षानुवर्षे फिरलीच नाही तर बुश झिजते, चाक लुळे पडते आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते.

तपासणी अशी. खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक उचलावे. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून चाक आत-बाहेर हलवावे. खटखट जाणवली तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. खटखट थांबली तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये होती, कारण ब्रेकने चाक आणि त्याचा कणा एकत्र बांधले गेले. तशीच राहिली तर किंग पिन. नऊ आणि तीनच्या जागी हलवून जी ढिलाई मिळते ती बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यांची.

नवी बुश ठोकून बसवली की तिचे भोक किंचित आवळते, त्यामुळे रीमर फिरवून ते पिनेच्या मापाचे करावे लागते. वरची आणि खालची बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत काढायची. वेगवेगळ्या काढल्या तर पिन तिरकी जाते आणि स्टिअरिंग जड होते. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सावकाश आत सरकली पाहिजे. आपोआप खाली पडली तर भोक मोठे झाले. हातोडी घ्यावी लागली तर लहान आहे. बुशमधले भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आले आहे ना, हे ठोकण्याआधी पाहावे. घाईत बसवलेल्या बुशमुळे निपल बंद होतो, आणि मालक इमानेइतबारे ग्रीस मारत राहतो ते सगळे बाहेरच सांडते.

किंग पिन पूर्ण उभी नसते. वरचे टोक थोडे मागे झुकलेले असते. पिनेची रेषा खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या किंचित पुढे रस्त्याला लागते. त्यामुळे टायर मागून ओढला जातो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येते. या कलाला कास्टर म्हणतात. मागचे पाटे बसले की गाडीचे नाक वर होते, पिन आणखी मागे झुकते आणि स्टिअरिंग जड पडते. तक्रार हाताची, इलाज मागच्या चाकापाशी.

७. स्टिअरिंग: सगळ्यात शेवटी का?

कारण आतापर्यंतची कामे झाली की 'स्टिअरिंगचा दोष' म्हणून सांगितलेल्यातले बरेच काही उरतच नाही. उरते ते तपासायला दोन माणसे लागतात. एकाने चालकाच्या जागी बसून स्टिअरिंग थोडे डावी-उजवी हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर हात ठेवत जायचे: बॉक्समधून आलेला आर्म, मधला दांडा, पलीकडचा आयडलर, दोन टाय रॉड. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेला. आयडलरकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, म्हणून तो आधी पाहावा.

या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म असतो, म्हणजे पेचदार आट्यांचा दंड, आणि त्याला लागून फिरणारा एक तुकडा. बॉक्सवर ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो आणि तो मेकॅनिकला फार खुणावतो. जपून! गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चाललेली असते, त्यामुळे वर्म मध्यभागी जास्त झिजतो आणि टोकांना कमी. मधली सगळी ढिलाई स्क्रूने काढली तर पूर्ण वळणावर बॉक्स आवळला जातो. तीव्र वळणात स्टिअरिंग अडकणे यापेक्षा थोडी ढिलाई परवडली. चाके उचलून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही अडत नाही एवढेच आवळावे. तेवढ्याने भागत नसेल तर वर्म बदलावा लागतो. बॉक्समध्ये ग्रीस भरू नये. ते बाजूला सरते आणि परत येत नाही. तिथे गिअर ऑइलच हवे.

वळताना दोन्ही पुढची चाके सारखी वळत नाहीत, वळूही नयेत. आपल्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.३४ मीटर, डाव्या-उजव्या चाकांतले सुमारे सव्वा मीटर. मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल तर आतले चाक सुमारे २८ अंश वळले पाहिजे आणि बाहेरचे साडेबावीस. टाय रॉडला जोडणारे आर्म आतल्या बाजूला झुकवून हा फरक साधतात. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरने घोडागाडीसाठी ही युक्ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनच्या अकरमनने तिचे पेटंट घेतले. नाव पेटंट घेणाऱ्याचे राहिले. आपल्यासाठी यातून निघते ते एवढेच: अपघातात वाकलेला आर्म अंदाजाने सरळ करू नये, बदलावा.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या दोन चाकांची पुढची कडा मागच्या कडेपेक्षा किती जवळ आहे. घरी मोजता येते. दोन्ही टायरवर हबच्या उंचीला, पुढच्या बाजूला खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला. खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढे १,२४० आणि मागे १,२४३ मिलिमीटर आले तर टो-इन ३ मिलिमीटर. कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून टाय रॉड फिरवावा. हा आकडा १२ झाला तर काय बिघडते? प्रत्येक चाकाच्या वाट्याला ६ मिलिमीटर, टायरचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर. म्हणजे दर किलोमीटरला टायर १० मीटर आडवा घासला जातो. नवे टायर घालून चार महिन्यांत गुळगुळीत करायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

८. रस्त्यावर

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ताशी वीसने. हात स्टिअरिंगवर हलके ठेवून ब्रेक दाबावा आणि गाडी कुठे जाते ते पाहावे. मग तीस, मग चाळीस. थांबण्याचे अंतर पावलांनी मोजले तरी चालते, कारण फरक लहान नसतो: ताशी ६० ला चांगल्या ब्रेकने पाय हलायचा एक सेकंद धरून सुमारे ४० मीटर लागतात, आणि निम्म्या ताकदीच्या ब्रेकने ६३.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत नवे लायनर ड्रमला बसतात आणि फट वाढते, तेव्हा ॲडजस्टर पुन्हा फिरवावे. पाट्यांचे यू-बोल्ट याच सुमाराला परत आवळावे. नवे ग्रीस आणि नवी रबरे दबून ते हमखास सैल होतात. मास्टर सिलिंडरमधली तेलाची पातळी दर आठवड्याला पाहावी. ती उतरत असेल तर वरून तेल भरून समाधान मानू नये, चारही ड्रमच्या मागे ओल शोधावी.

घाट त्यानंतरच. उतरताना तिसरा गिअर, उतार तीव्र असेल तर दुसरा. ब्रेक थोडा दाबून सोडावा, पाय टेकवून ठेवू नये. खाली पोचल्यावर चारही ड्रमजवळ तळहात न टेकवता नेऊन पाहावा. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर निपल सैल करून पाहायची ती चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीवर, पुन्हा करावी.